पटावर हरवलेला खानदेश

एखादी कादंबरी किशोरवयीन वाचकांच्या मनात घर करून राहिली, की तिच्यावर नाटक निघते, चित्रपट निघतो आणि युरोपात तर बऱ्याचदा पटावरचा खेळही निघतो. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घडविणाऱ्या ज्यूल व्हर्नच्या कादंबरीच्या वाट्याला हे सारेच आले. १८७२ साली पॅरिसच्या एका दैनिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. २००४ साली मिखाएल रीनेक या जर्मन रचनाकाराने तिच्यावर पटखेळ रचला आणि पुढच्याच वर्षी तो जर्मनीतील ‘वर्षाचा खेळ’ या मानाच्या पुरस्कारासाठी नामांकित झाला. लंडनहून निघायचे, आगगाडीची आणि जहाजाची पाने वापरत कमीत कमी दिवसांत लंडनलाच परतायचे, असा त्याचा सुटसुटीत आणि बुद्धीला चालना देणारा डाव आहे. मात्र त्या पटावर मुंबईनंतरचा मुक्काम थेट कलकत्ता. मधला सारा हिंदुस्थान म्हणजे एक रेघ!

खानदेश त्या रेघेखाली दडपला गेला आहे. वस्तुतः मूळ कादंबरीत तो नावानिशी आहे, ही गोष्ट खानदेशातही फार थोड्यांना ठाऊक असेल. कथानायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईत उतरतो आणि त्याच रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी खानदेशातून धावते आणि दुपारी साडेबाराला बऱ्हाणपुरात थांबते. मुंबईच्या देवळात जोडे गमावून बसलेला फॉगचा नोकर पासपार्तू तेथे खोटे मोती लावलेल्या मोजड्या विकत घेतो. म्हणजे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही सगळी स्थानके त्या सकाळी मागे पडली असणार. लेखकाने त्यांची नावे घेतलेली नाहीत, एवढेच.

जी माहिती दिली आहे, तिची तऱ्हा मात्र पाहण्यासारखी आहे. व्हर्न भारतात कधीही आला नव्हता; ग्रंथ आणि नकाशे पुढे ठेवून त्याने हा देश रंगविला. खानदेशच्या सुपीक सपाट प्रदेशाला पाणी देणारे ओढेनाले बहुतांशी गोदावरीला मिळतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. आगगाडीचा धूर तो कापसाबरोबरच कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवरून नेतो. यातला कापूस तेवढा खरा! तापीचा उल्लेख येतो तो बऱ्हाणपूर सुटल्यावर, आणि तोही लहानशी नदी म्हणून. सातशे किलोमीटरांहून अधिक वाहणाऱ्या सूर्यकन्येची ही संभावना!

येथे जामनेरचा संबंध येतो. जामनेरच्या शाळकरी मुलाला भूगोलाचे पुस्तक न उघडताही सांगता येईल, की अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून येणारी वाघूर त्याच्या तालुक्यातून वाहत तापीला मिळते. गावाजवळची कांग वाघूरला मिळते. जगभर वाचल्या गेलेल्या कादंबरीतली चूक हे मूल आपल्या घराच्या ओट्यावरून दाखवू शकते. मग या कादंबरीचा खानदेशी पट रचण्याचे काम त्यानेच का करू नये? रीनेकने जेथे एक रेघ ओढली, तेथे इगतपुरी, मनमाड, नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर अशी घरे मांडता येतील. गोदावरी की तापी, असे एक घर ठेवावे. व्हर्नची चूक पकडणाऱ्या गड्याला अर्धा दिवस बक्षीस मिळावा. लवंगेच्या मळ्यात अडकलेल्याचा डाव जावा. पाचोरा-जामनेर या छोट्या गाडीचा मोह मात्र आवरावा लागेल. ती विसाव्या शतकात आली, २०२० साली थांबली, आणि १८७२च्या पटावर तिला जागा नाही. जो दुसऱ्याची चूक दाखवतो, त्याने स्वतः तरी कालगणना सांभाळली पाहिजे.

हे काम आपल्या परंपरेला परके आहे, असेही नाही. इंग्लंडमध्ये १८९६ साली एकस्वाची मोहोर लावून घेतलेला ‘लुडो’ म्हणजे आपली पचिशीच. सापशिडीचे मूळ ज्ञानचौपडीत आहे आणि मराठी परंपरा मोक्षपटाचे नाव ज्ञानेश्वरांशी जोडते. त्या पटांवरची शिडी सद्गुणाची होती, साप दुर्गुणाचा. घरांना अर्थ होता. परदेशात जाऊन परतलेल्या सापशिडीत तो अर्थ गळाला आणि नुसते आकडे उरले. पटावरच्या घराला नाव आणि अर्थ असावा, हा आग्रह मुळात येथलाच आहे.

नुसती नावे लिहिली म्हणजे कादंबरीचा खेळ होत नाही, हेही खरे. बाजारात अशा खेळांची कमी नाही, की ज्यांच्या खोक्यावर नायकाचे चित्र असते आणि आत तोच जुना फासा. कादंबरीतला विस्मय एकदाच घडतो. पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे फॉगला एक दिवस जास्तीचा मिळाला, हे शेवटचे रहस्य दुसऱ्या डावात कोणाला चकित करणार? खेळ शंभर वेळा खेळायचा असतो. तेव्हा कादंबरीतून घ्यायचे ते रहस्य नव्हे, तिच्यातला पेच. फॉगचा पेच काळ आणि पैसा यांचा आहे. पैज वीस हजार पौंडांची आणि प्रवासाचा खर्च जवळजवळ तेवढाच. मुंबईला तो नियोजित वेळेच्या दोन दिवस आधी पोहोचतो आणि कलकत्त्याला नेमक्या ठरल्या दिवशी. मिळविलेले ते दोन्ही दिवस हिंदुस्थानच्या वाटेवरच खर्ची पडतात. जो टप्पा जर्मन पटाने एका उडीत ओलांडला, तोच कादंबरीतला सर्वांत चुरशीचा टप्पा आहे.

ते दिवस गेले कसे? लोहमार्ग अलाहाबादच्या अलीकडे अचानक संपतो, म्हणून फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो. (प्रत्यक्षात हा मार्ग १८७० सालीच पुरा झाला होता, व्हर्नला हत्ती हवा होता.) पुढे बुंदेलखंडाच्या रानात पतीच्या चितेवर बळजबरीने चढविल्या जाणाऱ्या औदा या तरुण विधवेला तो सोडवितो. हा प्रसंग खानदेशी पटावर घ्यावा की गाळावा, यावर मतभेद होतील. गाळू नये. सतीची चाल होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. राजा राममोहन रॉय तिच्याविरुद्ध उभे राहिले आणि १८२९ साली बंगाल इलाख्यात ती कायद्याने बंद झाली, हेही त्याच घराच्या पाठीवर लिहावे. व्हर्नच्या गोष्टीत सोडविणारा साहेब असतो. पटावर त्या घराचा इतिहास पुरा असावा. औदेला सोडविण्यासाठी दिवस खर्च करायचा की पुढे निघून जायचे, हा निर्णय खेळणाऱ्याने करायचा. फाशावर तो सोपवू नये.

मराठी मुलांना व्हर्नची ओळख करून देणाऱ्यांत भा. रा. भागवतांचे नाव अग्रभागी येते. त्याच भागवतांनी पुढे फास्टर फेणे निर्माण केला आणि त्याला फुरसुंगीचा केला, कोठल्या काल्पनिक नगरीचा नव्हे. त्या एका शब्दाने फुरसुंगी महाराष्ट्रभरच्या पोरांना ठाऊक झाली. जामनेरच्या एखाद्या शाळेने दिवाळीच्या सुट्टीत हा पट करायला घेतला, तर खर्च फारसा नाही. जुने धोतर किंवा मांजरपाट, रंगाच्या चार डब्या, सोंगट्यांऐवजी चिंचोके, फाशाऐवजी कवड्या. पैशांची पाने पुठ्ठ्याची कापावीत. नियम दहा वर्षांच्या मुलाला पाव तासात कळले नाहीत, तर ते बदलावेत, आणि हा बदल शिक्षकांनी न करता खेळणाऱ्यांनीच करावा. बऱ्हाणपूरच्या घरात मोजड्यांचे चित्र हवेच. त्या घेण्यासाठी गाडी किती वेळ थांबेल, यावर पहिले भांडण होईल.