गोधडीचे मोल

एखादी वस्तू चोरीस गेली, की तिची किंमत किती होती, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. सोन्याची साखळी गेली, तर तिचे वजन सांगता येते. सायकल गेली, तर दुकानातील भाव सांगता येतो. परंतु हाताने शिवलेली गोधडी नाहीशी झाली, तर तिचे मोल कोणत्या तराजूत तोलावे? बाजाराच्या हिशेबाने ती जुनी लक्तरेच ठरेल. हा हिशेब मात्र अपुरा आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या किनाऱ्यावर पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो. घरातील अंथरूण-पांघरूण दमट होते. पाऊस सरून लख्ख ऊन पडले, की गोधड्या अंगणातील दोरीवर किंवा जांभ्या दगडांच्या गडग्यावर वाळत पडतात. वापरून मऊ झालेल्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने ते एकजीव केले, म्हणजे गोधडी होते. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशा गोधडीवर इंचाइंचाच्या अंतराने ओळी घातल्या आणि प्रत्येक टाका अर्ध्या इंचाचा धरला, तर सुमारे सात हजार टाके भरतात. घरकाम आटोपल्यावर जो वेळ उरतो, त्यातच हे टाके पडतात. शिवाय त्या कापडांत आजीच्या लुगड्याचा काठ असतो, आजोबांच्या धोतराचा तुकडा असतो. ती माणसे कदाचित आज हयातही नसतील. अशी गोधडी जो नेतो, तो त्या घरची आठवणच उचलून नेतो.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ज्या गडग्यावर वर्षानुवर्षे निर्धास्तपणे गोधड्या वाळत पडल्या, तिकडे आता पुनःपुन्हा नजर जाते. शेजाऱ्याविषयी, वाटसरूविषयी मनात नाहक संशय येतो. गावाचा परस्परांवरील विश्वासही अशा चोरीने उसवतो.

कोणी म्हणेल, थंडीने कुडकुडणाऱ्या गरिबानेच ती नेली असेल; त्याला एवढा दोष का द्यावा? गरजवंताविषयी कळवळा असावा, हे खरेच. तथापि मागणाऱ्याला पांघरूण देणे हा देणाऱ्याचा धर्म आहे. न विचारता नेणाऱ्याने त्याची ही संधीच हिरावून घेतलेली असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये एक तरतूद आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने मालाची किंमत भरून दिली किंवा माल परत केला, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. चुकलेल्याला सुधारण्याची वाट देणारी ही तरतूद चांगलीच आहे. परंतु गोधडीच्या बाबतीत किंमत भरून देणे आणि गोधडी परत करणे या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. मार्च २००४ मध्ये शांतिनिकेतनातील संग्रहालयातून रवींद्रनाथ ठाकुरांचे नोबेल पदक चोरीस गेले. पुढे नोबेल प्रतिष्ठानने त्याच्या प्रतिकृती दिल्या. तरीही मूळ पदकाची हळहळ संपली नाही. पदकाची निदान प्रतिकृती होऊ शकली. निवर्तलेल्या आजीच्या हातचे टाके पुन्हा कोण घालणार?

म्हणून दुसऱ्याच्या हातची वस्तू उचलण्यापूर्वी तिचा बाजारभाव पाहू नये. ती घडविताना वेचलेला वेळ व माया पाहावी. आणि मोहाच्या भरात एखाद्याच्या हातून तसे घडलेच, तर त्याने पैसे पुढे करू नयेत. तीच वस्तू धन्याच्या घरी पोहोचती करावी. त्या घरचे गेलेले समाधान परत येण्याचा तोच एक मार्ग आहे.