जुन्या पासपोर्टचा फास

आपल्या कोकणातल्या कित्येक घरांत पासपोर्ट दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. उमराह असो की आखातातली नोकरी, सगळी उमेद त्या पुस्तिकेवर. तिचे पहिले पान मात्र आपण क्वचितच वाचतो. या व्यक्तीला मदत व संरक्षण द्यावे, अशी विनंती तिथे भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने केलेली असते. पासपोर्ट म्हणजे सरकारने आपल्या पाठीवर ठेवलेला हातच म्हणा ना.

आणि निर्वासिताची अडचण इथेच सुरू होते. त्याला आश्रय मिळतो तो या कारणाने, की त्याच्या सरकारचा हात पाठीवर नाही, गळ्यावर आहे. हबशात नजाशीच्या दरबारी कुरैशांचे दूत नजराणे घेऊन आले आणि मुहाजिरांना परत मागू लागले, तेव्हा हजरत जाफर (रजि.) यांनी बाजू मांडली ती याच भीतीची. १९५१ च्या निर्वासित करारातही हेच तत्त्व आहे. ज्याने आपल्या मूळ देशाचे संरक्षण स्वखुशीने पुन्हा घेतले, तो त्या करारापुरता निर्वासित राहत नाही.

समजा, जिवाच्या भीतीने पळालेली एक इराणी बाई कॅनडात आहे. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, मागाहून कायम वास्तव्यही मिळाले. तेहरानहून फोन येतो, अम्मी आजारी आहे. तिथे जाणे शक्य नाही, म्हणून तुर्कस्तानात भेटायचे ठरते. निर्वासितांच्या प्रवासपत्रावर व्हिसासाठी खेटे घालावे लागतात. इराणी पासपोर्टवर तुर्कस्तानला व्हिसाच लागत नाही. ती जुना पासपोर्ट नवा करून घेते. कोणती लेक घेणार नाही?

पुढे नागरिकत्वाच्या अर्जात प्रवासाचा हिशेब द्यावा लागतो, आणि प्रश्न निघतो : ज्या सरकारची भीती, त्याच्याच दारी अर्ज कसा केलात? कॅनडात २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात निर्वासित दर्जाबरोबर कायम वास्तव्यही जाऊ शकते. परिणामांची त्या व्यक्तीला खरोखर कल्पना होती का, हेही तपासले पाहिजे, असे तिथल्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले खरे. पण तोवर वकिलाची फी आणि झोप, दोन्ही गेलेली असतात.

कायद्यापलीकडचा धोका आम्हाला अधिक वाटतो. पासपोर्टच्या अर्जातून आपला ठावठिकाणा त्याच सरकारच्या हाती जातो. परमुलखात काही अडले, तर मदतीला धावायचा हक्कही त्याच सरकारच्या वकिलातीचा.

करारातच निर्वासितांसाठी वेगळ्या प्रवासपत्राची सोय आहे. कॅनडा देते ते प्रवासपत्र, ज्या देशातून माणूस पळाला तो देश सोडून, इतरत्र चालते. व्हिसाला वेळ लागतो, कधी नकारही येतो. तुमच्या ओळखीत, परदेशातल्या मशिदीत किंवा शेजारात असे कुटुंब असेल, तर त्यांना एवढे जरूर सांगा : तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा, आणि नागरिकत्व हाती येईपर्यंत जुना पासपोर्ट कपाटातच राहू द्या.