उत्तर पाठवायचं की नाही?

काल ग्रुपवर कुणीतरी ‘तुम्ही धर्मांतरवाले’ म्हणून टोमणा मारला. मी ख्रिस्ती, त्यात पत्रकार. झोंबणारं उत्तर टाईप झालंच होतं, पण थांबलो. याकोबाच्या पत्रात जिभेला आग म्हटलंय, अन् उन्हाळ्यात रान कसं पेटतं हे यवतमाळकरांना सांगायला नको.

मग गप्पच बसायचं? २०१९ मध्ये आपल्याच गावच्या साहित्य संमेलनाला नयनतारा सहगल यांना बोलावून निमंत्रण मागं घेतलं. माझ्या मते तो संयम नव्हता, भीती होती. पुढच्या वर्षी उस्मानाबादला अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पाद्री कसा चालतो, म्हणून विरोध झाला. त्यांनी शिवीला शिवी दिली नाही, अन् आजारी असूनही व्यासपीठावरून असहिष्णुतेवर बोलायचं टाळलं नाही.

माझं उत्तर पुन्हा लिहिलंय. टोमणे काढले, मुद्दा ठेवला. आता पाठवतो.