सात दिवसांत मेंदू बरा होत नाही




रस्त्यावरील अपघातांत जखमी होणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने मे 2025 मध्ये कॅशलेस उपचार योजना लागू केली. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. या मदतीने प्राण वाचतील, तिचे स्वागतच आहे. पण डोक्याला जबर मार लागलेला माणूस सातव्या दिवशी अनेकदा अतिदक्षता विभागात बेशुद्धच असतो. मेंदूच्या इजेसाठी ही मुदत किमान एक वर्षाची करावी आणि फिजिओथेरपी, वाचोपचार, स्मृती व लक्ष सुधारण्याचे उपचार तिच्यात धरावेत, अशी माझी मागणी आहे.

वर्षभर कशासाठी? अमेरिकेत ‘ट्रॅक-टीबीआय’ या अभ्यासात अशा रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र इजा झालेल्यांपैकी दिवसाचे काही तास तरी घरी एकट्याने राहू शकतील असे रुग्ण दोन आठवड्यांनी जेमतेम 12 टक्के होते, बारा महिन्यांनी 52 टक्के. पंधरवड्यानंतरही भान नसलेल्यांपैकी बहुतेक जण वर्षभरात शुद्धीवर आले. उपचारांच्या सोयी तिथे अधिक आहेत, त्यामुळे हे आकडे इथे जसेच्या तसे उतरणार नाहीत. तरीही ‘आता काही होणार नाही’ हा निकाल दुसऱ्या आठवड्यात देणे घाईचे आहे, एवढे त्यांवरून नक्की कळते. आपल्याकडे मात्र नेमक्या त्याच सुमारास पैसे संपतात आणि रुग्ण घरी नेला जातो.

घरी आल्यावर तो चालतो, जेवतो, ओळख दाखवतो. ‘वाचला हेच नशीब’ म्हणून सगळे समाधान मानतात. पुढे हळूहळू लक्षात येते की सकाळचे सांगितलेले दुपारी आठवत नाही, क्षुल्लक कारणावरून राग अनावर होतो, हिशेब जमत नाही, तासाभराच्या कामाने थकवा येतो. काहींना काही वर्षांनी फिट्स सुरू होतात. या अडचणींना कायद्यातही स्वतंत्र जागा नाही: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत पार्किन्सन्सचे नाव आहे, डोक्याच्या इजेचे नाही. इतर प्रकारांखाली प्रमाणपत्र मिळू शकते, हा आक्षेप खरा आहे. पण हातपाय धड आणि बुद्ध्यांकही ठीक, फक्त कामाचा क्रम लागत नाही, अशा माणसाला कोणत्या रकान्यात बसवायचे?

दुसरा आक्षेप खर्चाचा. हा खर्च आजही होतोच, फक्त तो घर सोसते. बहुधा आई किंवा पत्नी रोजगार सोडून शुश्रूषा करते. मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ सोबतीच्या माणसांसाठी 21 लाख 60 हजार रुपये धरले. म्हणजे शुश्रूषेची किंमत न्यायालयाला दिसली आहे. अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई देते, हेही खरे. पण निकालाला वर्षे लागतात आणि सुधारणेचे महिने तोवर निघून जातात. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर गंभीर जखमीला मिळतात फक्त 50 हजार.

पुनर्वसनाच्या या उपचारांना महागडी यंत्रे लागत नाहीत, प्रशिक्षित माणसे लागतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस अशा रुग्णांच्या फेरतपासणीसाठी राखून ठेवावा आणि डिस्चार्जच्या कागदावरच त्याची पहिली तारीख लिहून द्यावी.

— एक वाचक