बाळाच्या नाकातील गाठीला हात लावण्यापूर्वी

न्हाऊ घालणारी बाई बाळाचे नाक चिमटीत धरून वर ओढते, नाकपुडीत तेलाचा थेंब सोडते, मग टाळू भरते. माढा-करमाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर आजही हे चालते. नाकात तेल सोडणे कोणत्याच बाळाच्या हिताचे नाही. पण नाकातली मऊ गाठ ही मेंदूच्या आवरणाची पिशवी असेल, तर ती चिमटीही जिवावर बेतू शकते.

गर्भात कवटीचा तळ तयार होताना कधी कधी फट राहते आणि तिच्यातून मेंदूचे आवरण खाली उतरते. पिशवीत नुसते पाणी असेल तर मेनिंगोसील, मेंदूचा भागही असेल तर एन्सेफॅलोसील. डोक्याच्या मागे आलेली अशी गाठ कुणालाही दिसते. तळातून उतरलेली मात्र नाकात, घशात किंवा डोळ्यामागे दडते आणि गरोदरपणातल्या सोनोग्राफीतही सहज निसटते. असे बाळ साधारण ३५ ते ४० हजार जन्मांत एक, असा अंदाज दिला जातो. एवढ्या विरळ गोष्टीचा संशय येणेच अवघड, आणि निदान चुकते ते तिथेच.

खुणा मात्र असतात. नाकाचे मूळ रुंद, डोळ्यांत अंतर जास्त, ओठ किंवा टाळू मधोमध दुभंगलेली. दूध ओढताना बाळ थांबते, घरघरते. नाकातून स्वच्छ पाणी ठिबकते किंवा मेंदूज्वर पुन्हा पुन्हा होतो. बाळ रडले की गाठ फुगते. पण फुगली नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. तान्ह्या बाळाला नाकातला साधा कोंब, म्हणजे पॉलिप, सहसा होतच नाही. म्हणून अशा गाठीत सुई घालायची नाही, चिमट्याने तुकडा काढायचा नाही, नाकातून दुधाची नळीही सरकवायची नाही. नळी लागलीच तर तोंडातून.

आधी एमआरआय. नुसत्या सीटी स्कॅनवर विसंबणे धोक्याचे, कारण नवजात बाळाच्या नाकाच्या छताचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो आणि नसलेले भोकही तिथे दिसू शकते. हाडाचा नकाशा हवा असेल तर सीटी जोडीला घ्यावा.

या पिशव्यांच्या वर्गीकरणाचा आधार थायलंडच्या चरस आणि निताया सुवानवेला यांनी १९७२ मध्ये घालून दिला. पिशवी कवटीतून कुठून बाहेर पडली, हा त्यातला मुख्य प्रश्न. चाळणीसारख्या हाडातून उतरली तर ती नाकात येते, डोळ्यामागच्या फटीतून आली तर डोळा पुढे येतो आणि धडधडतो. सर्वांत जपायची ती स्फिनॉइड हाडातून घशाच्या वरच्या भागात आलेली, कारण तिच्यात पिट्युटरी ग्रंथी आणि दृष्टीच्या नसा ओढल्या गेलेल्या असू शकतात. ती कापली तर बाळाची दृष्टी आणि संप्रेरके दोन्ही धोक्यात. शस्त्रक्रिया नाकातून दुर्बिणीने की कवटी उघडून, आधी संप्रेरकांची तपासणी हवी की नाही, हे सारे या वर्गीकरणावर ठरते. त्याला पुस्तकी समजण्याची चूक कुणी करू नये.

माढा तालुक्यातले टेंभुर्णी पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. सोलापूरचे वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्याचे ससून, दोन्हीकडे रस्ता सरळ जातो. अडते ते पहिल्या नजरेवर. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटतात. बाळाचे तोंड आणि नाक जवळून पाहण्याच्या या सहा संधी आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीतही मज्जानलिकेचे दोष, ज्यांत अशा पिशव्याही मोडतात, पहिल्या क्रमांकावर आहेत. हे दोष टाळण्यासाठी फॉलिक अॅसिडची गोळी गर्भ राहण्याआधीच सुरू करायची असते, हे नवविवाहितांना सांगायलाच हवे.

प्रसूतिगृहातून घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळाची टाळू टॉर्च लावून पाहा आणि दोन्ही नाकपुड्यांतून श्वास येतो का ते तपासा. शंका आली तर गाठीला हात न लावता बाळ पुढे पाठवा.