मुलाखतीतील कादंबरीकार

गेल्या सत्रात आमच्या एका विद्यार्थ्याने श्री. भालचंद्र नेमाडे यांच्यावर निबंध लिहून आणला. निबंध मोठा आवेशपूर्ण होता. ‘देशीपणा’ हा शब्द त्यात पानोपानी आला होता. परंतु बारकाईने वाचता असे आढळले, की त्यातील एकही विचार ‘कोसला’ अथवा ‘हिंदू’ वाचून सुचलेला नव्हता. सारी सामग्री मुलाखतींतून उचललेली. विचारले, तेव्हा तो निःसंकोचपणे म्हणाला, “सर, कादंबऱ्या फार मोठ्या आहेत. मुलाखतींत सगळं येऊन जातं.”

या ‘सगळं येऊन जातं’शी आमचे भांडण आहे.

आणि हा दोष त्या एकट्या मुलाचा नव्हे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावीही सुशिक्षित घरांतून नेमाड्यांविषयी दोन पक्ष पडलेले आम्ही पाहतो. एक पक्ष त्यांचे प्रत्येक विधान वेदवाक्य मानतो. दुसरा, इंग्रजी शाळा बंद करा असे ते म्हणाले म्हणून त्यांचे पुस्तक घरात येऊ देत नाही. गंमत अशी, की दोन्ही पक्षांनी वाचलेले असते ते एकच: वर्तमानपत्रातील मुलाखत!

मुलाखतींतून मनुष्य दिसतो, हे आम्ही नाकारीत नाही. नेमाडे त्यांत निर्भीड, तिरकस, विनोदी आणि भिडस्तपणाचा लवलेश नसलेले असे दिसतात. मुख्य म्हणजे ते तेथे निकाल देतात. लघुकथा हा दुय्यम वाङ्मयप्रकार; इंग्रजी माध्यमाच्या शाळा अनिष्ट; रश्दी आणि नायपॉल पाश्चात्त्यांच्या तोंडाकडे पाहून लिहिणारे. ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाल्यावर, २०१५ साली, रश्दींवरील शेऱ्यास खुद्द रश्दींनीच शिवराळ उत्तर दिले आणि मराठी वाचकांना चार दिवस करमणूक झाली. गुळमुळीत बोलणाऱ्या लेखकांचा आपल्याकडे इतका सुकाळ आहे, की ही वृत्ती आम्हांस अप्रिय वाटत नाही. ‘जन्मभर इंग्रजी शिकवून इंग्रजीस शिव्या कशा देता?’ हा आक्षेपही आम्हांस पोरकट वाटतो. त्याच भाकरीवर आमचीही हयात गेली आहे. तिच्यात खडे किती, हे खाणाऱ्यानेच सांगावयाचे असते.

तथापि निकाल देणारा हा मनुष्य ‘कोसला’चा कर्ता नव्हे. ‘झूल’ १९७९ साली निघाली आणि ‘हिंदू’ २०१० साली. मधली एकतीस वर्षे कोणीकडे गेली? मुलाखतीत ज्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावयास एक क्षण पुरतो, तो कादंबरीपुढे एकतीस वर्षे थांबला! या थांबण्यात त्याच्या स्वभावाचा जो पुरावा आहे, तो शंभर मुलाखतींत मिळणार नाही. त्याचे नायकही पाहा. पांडुरंग सांगवीकर कशाविषयीच शेवटचा शब्द उच्चारीत नाही. चांगदेव पाटील एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवीत राहतो. खंडेराव तर आपल्या वारशाला ‘समृद्ध’ही म्हणतो आणि ‘अडगळ’ही, आणि दोहोंतला एकही शब्द मागे घेत नाही. आणि लघुकथेला दुय्यम ठरविणाऱ्या या लेखकाच्या ‘हिंदू’मध्ये सर्वांत जिवंत काय आहे? आमच्या मते, मोरगावच्या माणसांच्या त्या सुट्या, आपापल्या जागी पुऱ्या झालेल्या हकीकती. त्यांना कथा म्हणू नये तर काय म्हणावे?

मुलाखतीच्या चष्म्यातून पाहणारे पांडुरंग म्हणजेच नेमाडे असे धरून चालतात. सांगवी, पुणे, पंचविसावे वर्ष: सारे जुळते खरे. पण पांडुरंग पुण्यात हरून गावी परततो. त्याचा कर्ता मात्र १९६१ साली डेक्कन कॉलेजातून भाषाशास्त्राचा आणि १९६४ साली मुंबईहून इंग्रजीचा एम. ए. झाला. या दोहोंच्या मध्ये, १९६३ साली, ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. स्वतः न हरता हरणे असे लिहिता येणे, ही कला आहे. मुलाखतीत ती सापडावयाची नाही.

नेमाडेही यात निर्दोष नाहीत. स्वतःच्या विस्तीर्ण कादंबऱ्यांना त्यांनी आपल्याच तोंडाने अरुंद फाटके बसविली, आणि वाचक फाटकाशीच घुटमळत राहिले. त्याचा परिणाम आमच्या झाडीपट्टीत फार विपरीत दिसतो. त्या विद्यार्थ्याचा देशीपणावरील निबंध शुद्ध पुणेरी मराठीत होता. त्याच्या घरची धानाची शेती. रोवणा, पऱ्हे, बांधी हे शब्द त्याच्या आजीच्या तोंडी रोज असतील. दंडार त्याने लहानपणी रात्र-रात्र पाहिलेली. पण निबंधात झाडीबोलीचा एक शब्द येईल तर शपथ! देशीपणाचा पुरस्कार करण्यासाठी त्याने आपला देशच दाराबाहेर ठेवला होता. ‘कोसला’ वाचली असती तर असे झाले नसते, असे आम्हांस वाटते. कारण त्या पुस्तकात देशीपणावर व्याख्यान नाही, फक्त एक मुलगा आपल्या बोलण्याच्या भाषेत बोलतो आहे.

निबंध आम्ही परत केला आणि ‘कोसला’ची आमची जुनी प्रत त्याच्या हाती दिली. आठ दिवसांनी तो आला. मनीच्या मृत्यूपर्यंत वाचून झाले होते. देशीपणाची गोष्ट त्याने काढली नाही. एवढेच विचारले, की ही प्रत आणखी काही दिवस ठेवली तर चालेल का.