पिवळा सगळ्यात शेवटी

सह्याद्रीत चित्र काढणाऱ्याला डोंगर सांभाळून घेतो. मागे एक निळसर रेघ ओढली, पुढे चार झाडं टाकली, की चित्र उभं राहतं. चिनहटला तो आधार नाही. लखनौच्या पूर्वेचं, फैजाबाद रस्त्यावरचं हे गाव शहरानं जवळजवळ गिळलंय. पण बाराबंकीच्या अंगाला थोडं पुढे गेलं की जमीन परातीच्या तळासारखी सपाट होते आणि जानेवारीत तिच्यावर मोहरी फुललेली असते. मोहरी आपल्याला फोडणीपुरती माहीत. इथे ती नजर पोचेल तिथपर्यंत. हे शेत ॲक्रिलिकनं चित्रवहीत उतरवणं, हा माझा सध्याचा उद्योग.

आपल्याकडे निसर्गचित्र म्हटलं की हात जलरंगांकडे जातो. एम. आर. आचरेकरांपासून मिलिंद मुळीकांपर्यंत परंपराच तशी भक्कम आहे. जलरंगाचा कायदा साधा: उजेड कागदाचा, पांढरं राखायचं, फिक्याकडून गडदाकडे जायचं. पावसाळी घाटाला तो शोभतो. पण मोहरीच्या शेतात आधी पिवळे ठिपके राखून मग त्यांच्याभोवती हिरवा फिरवायचा म्हणजे किती फुलांना वळसे घालणार? ॲक्रिलिक इथे उलट्या वाटेनं जातं. गडद आधी, पिवळा सगळ्यात शेवटी. माझ्या मते अवधच्या या सपाटीला तेच माध्यम मानवतं.

वहीच्या पानाला आधी जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्यावे लागतात, नाहीतर कागद पाण्यानं लाटा मारतो. क्षितिज मी बरंच वर घेतो. आकाशात धुक्याशिवाय काही नसतंच, त्याला पांढऱ्यात चिमूटभर करडा पुरतो. जमिनीला ट्यूबमधला तयार हिरवा लावला तर शेत प्लास्टिकचं दिसतं. पिवळ्यात थोडा काळा मिसळला की जो मळकट, शेवाळी हिरवा निघतो, तो मोहरीच्या पाल्याला बरोबर बसतो. तो वाळला की फुलं. पण लेमन यलो अंगानं पारदर्शक असतो, थेट हिरव्यावर ठेवला तर त्यातच बुडतो. म्हणून आधी पांढऱ्याचे ठिपके, ते सुकले की त्यांवर पिवळा. जवळची फुलं जाड आणि सुटी, मधली दाटीची, लांबची नुसती आडवी पट्टी.

ट्यूब उंटछाप. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाई करायला घेतली, त्या कॅम्लिनचा हा उंट. 2011 पासून सूत्रं जपानी कोकुयोकडे आहेत, पण उंट कुणाचा हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण आणि रंगद्रव्य. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून पापुद्रा धरतात, तो पुन्हा पाण्यानं विरघळत नाही. ओलं असताना हे मिश्रण दुधाळ असतं, वाळताना पारदर्शक होतं, म्हणून रंग एक छटा गडद होतो. पिवळा जरा जास्तच उजळ ठेवावा लागतो. मे महिन्यात लू सुटली की रंग पॅलेटवरच वाळतो. जानेवारीच्या सकाळी मात्र पारा दहाच्या खाली, आणि तेवढ्या गारठ्यात कण नीट जुळत नाहीत. तेव्हा शेतात पेन्सिलीनं टिपण, रंगकाम घरी.

बांधावर वही घेऊन बसलेला माणूस इथे चित्रकार वाटत नाही, प्लॉटिंगवाला वाटतो. एका काकांनी लांबूनच विचारलं, "नाप-जोख हो रही है का?" जवळ येऊन पान पाहिलं आणि म्हणाले, "बिजली का खंभा काहे छोड़ दिए?" टीका मार्मिक होती. खांब घेतला आणि एवढ्या आडव्या चित्रात उभं काहीतरी आलं.

1857 च्या 30 जूनला इथेच इंग्रज अधिकारी हेन्री लॉरेन्सच्या फौजेनं मार खाल्ला आणि मग लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. चिनहटचं नाव निघालं की लखनौकर एकतर हे सांगतात, नाहीतर इथल्या चकचकीत मातीच्या भांड्यांचं. तो धंदा आता रोडावलाय. पण जुन्या बरणीवर साईच्या रंगाच्या पाठीवर हिरव्या-तपकिरी फुलांची वेल बघावी: कुंचला टेकवला, दाबला, उचलला, की पान तयार. मातीच्या कोरड्या अंगावर रंग लगेच शोषला जातो, गिरवायला वाव नसतो. मोहरीची खालची पानं मी तशीच काढतो.

वही लहान आहे ही तक्रार लखनौत तरी करू नये. इथल्या कला महाविद्यालयात शिकवणाऱ्या बीरेश्वर सेनांनी अख्खा हिमालय व्हिजिटिंग कार्डाएवढ्या कागदावर रंगवला, तोही जलरंगात.

रंगवलेली दोन पानं समोरासमोर दाबली गेली की वाळलेली असूनही चिकटतात, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवतो. पुढचं पान फेब्रुवारीसाठी कोरं ठेवलंय. तेव्हा बाराबंकीत अफूची शेतं पांढरी होतात. पीक सरकारी परवान्याचं, शेताची मोजणी नार्कोटिक्स खात्याची माणसं करतात. तिथे वही उघडण्याआधी मालकाला विचारलेलं बरं. पांढऱ्याची मोठी ट्यूब आणून ठेवली आहे.